युज केसची नाती: इन्क्लूड, एक्सटेंड, जनरलायझेशन कधी वापरायचं आणि बाण कुणीकडं काढायचा

प्रोजेक्टचा रिपोर्ट करायला घेतला की युज केस डायग्राम सगळ्यात शेवटी राहतो. युज केस म्हणजे सिस्टमकडून करून घ्यायचं एक पूर्ण काम, डायग्राममध्ये ते लंबगोलात लिहितात आणि त्यांच्यातली नाती रेघांनी, बाणांनी दाखवतात. मग आदल्या बॅचच्या कुणाच्या तरी फाईलमधून तो उचलायचा, गोलातली नावं बदलायची आणि चिकटवायचा, असं लातूर-नांदेडपासून संभाजीनगरपर्यंत बीसीए, बीएस्सी सीएस, एमसीएची कितीतरी पोरं करायलेत. आणि व्हायव्हाला एक्स्टर्नल सर एवढंच विचारतात, हा बाण इकडून तिकडं का, तिकडून इकडं का नाही? पोरगं गप्प. पोरगं हुशार असतं, कोड त्यानं स्वतः लिहिलेला असतो, पण बाणाची दिशा पाठ केलेली असते आणि पाठ केलेलं घाईत उलटंच होतं.

म्हणून इथं पाठ करायचं काहीच ठेवलेलं नाही. एकच सिस्टम घेऊ, तिच्यातले युज केस आधी शब्दांत लिहू आणि मग त्या लिहिलेल्यातूनच नाती काढू. उदाहरण आपल्या मोंढ्यातलं, म्हणजे धान्य बाजारातलं, आडत दुकानाचं सॉफ्टवेअर. लायब्ररी आणि एटीएम मुद्दामच घेतलं नाही कारण त्यांचे तयार डायग्राम सगळीकडं पडलेत, ते बघितले की डोकं चालायचं थांबतं. मोंढ्याचा व्यवहार मात्र घरातल्या कुणी ना कुणी बघितलेला असतोच, नसेल तर एकदा सोयाबीनच्या सीझनला कुठल्याही मोंढ्यात सकाळी जाऊन उभं राहा, दोन तासांत सगळं कळतं.

व्यवहार थोडक्यात असा. शेतकरी माल घेऊन येतो, आडतीपुढं ढीग टाकतो, खरेदीदार मूठभर दाणे तळहातावर घेऊन बघतात, बोली होते, सौदा ठरतो, मापाडी वजन करतो, मुनीम पट्टी करतो, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या पैशाचा हिशेबाचा कागद. पट्टीतून हमाली-तोलाई जाते, शेतकऱ्यानं पेरणीच्या टायमाला उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतली असली तर ती वजा होते आणि राहिलेले पैसे हातात नाहीतर बँकेत.

आधी सगळ्या लेखाचा कणा सांगून टाकतो. दोन युज केसमधला कुठलाही बाण काढताना एकच प्रश्न विचारायचा: कोण कोणाला ओळखतं? म्हणजे एकाचं लिखाण वाचताना दुसऱ्याचं नाव त्यात घ्यावं लागतं का? ज्याच्या लिखाणात दुसऱ्याचं नाव येतं तो ओळखणारा, आणि बाण ओळखणाऱ्याकडून निघून ज्याला तो ओळखतो त्याच्याकडं जातो. इन्क्लूड, एक्सटेंड, जनरलायझेशन, तिन्हीला हाच नियम लागतो. पुढं प्रत्येक ठिकाणी हा लावून दाखवतोच.

पहिली पायरी: चौकोन आणि ॲक्टर

चौकोन म्हणजे सिस्टमची हद्द. त्याच्या आत युज केस, बाहेर ॲक्टर. ॲक्टर म्हणजे सिस्टमशी बाहेरून बोलणारा कुणीही, माणूसच पाहिजे असं नाही.

इथं पहिलीच गडबड होते. मोंढ्यात शेतकरी सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून पोरं त्याला पहिला ॲक्टर करतात आणि त्याच्यापासून धा रेघा ओढतात. पण सॉफ्टवेअरला हात कोण लावतंय? मुनीम. शेतकरी बाकड्यावर बसून "किती झालं ओ मुनीमजी" विचारतोय, कीबोर्ड मुनीमाच्या हातात आहे. तेव्हा शेतकऱ्यासाठी वेगळं ॲप-बिप काही नसेल तर तो या सिस्टमचा ॲक्टर होत नाही, त्याची माहिती सिस्टममध्ये असते एवढंच. उलट काट्याचं वजन वायरनं थेट कॉम्प्युटरमध्ये येत असेल तर तो इलेक्ट्रॉनिक काटा ॲक्टर आहे, आणि मेसेज पाठवणारी बाहेरची एसएमएस सेवापण ॲक्टर आहे. आपल्या सिस्टमला चार ॲक्टर धरू: मुनीम, मालक म्हणजे आडत्या, काटा आणि एसएमएस सेवा.

ॲक्टर आणि युज केस यांच्यामध्ये साधी सलग रेघ, तिला असोसिएशन म्हणतात. तिच्यावर बाण नाही काढला तरी चालतं, मी तर म्हणतो काढूच नका, कारण लोक बाण दिसला की माहिती कुणीकडं वाहते ते शोधत बसतात आणि असोसिएशनचा तो अर्थच नाही.

दुसरी पायरी: युज केसची नावं

नाव क्रियापदाचं आणि ज्यातून कुणाच्या तरी पदरात काहीतरी पडतं असं पाहिजे. आवक नोंदवणे. सौदा नोंदवणे. वजन घेणे. पट्टी करणे. पैसे चुकते करणे. उचल देणे. मुनीमाला विचारलं "आज काय काय केलं" तर तो जी कामं सांगेल तेवढीच घ्या. "सेव्ह बटण दाबणे" असं कुणी सांगत नाही, म्हणून ते युज केस नाही.

तिसरी पायरी: डायग्रामला हात लावायच्या आधी लिहा

ही पायरी लोक सोडतात आणि म्हणूनच नाती चुकतात. डायग्राम हे नुसतं सूचीपत्र आहे, खरा युज केस शब्दांत असतो. प्रत्येक युज केसचा मुख्य प्रवाह, म्हणजे सगळं सुरळीत झालं तर काय काय होतं, ते सात-आठ ओळींत लिहून काढा. वहीत लिहिलं तरी चालतं, मराठीत लिहिलं तर आणखी चांगलं कारण तिथं फसवता येत नाही.

"पट्टी करणे" लिहून बघू:

१. मुनीम शेतकऱ्याचं खातं शोधतो.
२. सिस्टम त्या शेतकऱ्याचे आजचे वजन झालेले सौदे दाखवते.
३. मुनीम सौदा निवडतो.
४. सिस्टम वजन गुणिले भाव करून एकूण रक्कम काढते.
५. सिस्टम हमाली आणि तोलाई वजा करते.
६. सिस्टम निव्वळ रक्कम दाखवते, मुनीम खात्री करतो.
७. सिस्टम पट्टी नोंदवून छापते.

समजा १८ क्विंटल ४० किलो सोयाबीन, भाव ४,३५० रुपये. एकूण झाले ८०,०४० रुपये. हमाली-तोलाई मिळून ६४० धरली तर निव्वळ ७९,४०० रुपयांची पट्टी. हे असं एक खरंखुरं गणित हाताशी ठेवा, पुढं एक्सटेंड आलं की त्याचा उपयोग होतो.

आता "उचल देणे" लिहा, त्याचीपण पहिली ओळ काय येते? मुनीम शेतकऱ्याचं खातं शोधतो. "आवक नोंदवणे" लिहा, परत तेच. "पैसे चुकते करणे", परत तेच. तीच ओळ चारदा आली म्हणजे इन्क्लूड दार वाजवायलंय.

चौथी पायरी: इन्क्लूड

"शेतकरी खातं शोधणे" ही काही एका ओळीची गोष्ट नाही. गाव विचारायचं, नाव टाकायचं, एकाच गावात एकाच नावाचे तिघं निघतात मग वडलांचं नाव किंवा मोबाईल नंबर बघायचा, सापडलाच नाही तर नवीन खातं उघडायचं. हे सगळं चार ठिकाणी लिहीत बसण्यापेक्षा एकदाच वेगळ्या युज केसमध्ये लिहायचं आणि बाकीच्या चौघांनी त्याचं नाव घ्यायचं. "पट्टी करणे"ची पहिली ओळ आता अशी होते: "शेतकरी खातं शोधणे" हा युज केस चालवा. ते काम संपलं की प्रवाह परत "पट्टी करणे"च्या दुसऱ्या ओळीवर येतो.

आता नियम लावा. कोण कोणाला ओळखतं? "पट्टी करणे"च्या लिखाणात "शेतकरी खातं शोधणे"चं नाव आलं. उलटं बघा, "शेतकरी खातं शोधणे"च्या लिखाणात पट्टीचा उल्लेख आहे का? कुठंच नाही, त्याला कोण बोलावतंय हे त्याला माहीतच नाही. म्हणून बाण "पट्टी करणे"कडून "शेतकरी खातं शोधणे"कडं. तुटक रेघ, टोकाला उघडा बाण, रेघेवर «इन्क्लूड» असा शब्द त्या दुहेरी कोनांच्या आत.

इन्क्लूडचं दुसरं लक्षण म्हणजे ते ऐच्छिक नसतं. खातं शोधल्याशिवाय पट्टी होऊच शकत नाही. इन्क्लूड केलेला भाग काढला तर बेस युज केस, म्हणजे इथं "पट्टी करणे"सारखा मूळचा, अर्धवट राहतो, आणि युएमएलच्या, म्हणजे हे डायग्राम काढायच्या ठरलेल्या भाषेच्या, स्पेसिफिकेशनमध्येपण हे स्पष्ट लिहिलंय की इन्क्लूड झालेला युज केस ऐच्छिक नसतो, बेस नीट चालायला तो लागतोच. तेव्हा "कधी कधी इन्क्लूड" असं काही नसतं. कधी कधी होणाऱ्या गोष्टीचं नातं दुसरं आहे, त्याच्याकडं येतोच.

इथं दोन चुका फार दिसतात. पहिली लॉगिनची. प्रत्येक युज केसपासून लॉगिनला इन्क्लूडचा बाण, मग डायग्राम म्हणजे कोळ्याचं जाळं. आता लिखाण बघा ना, मुनीम सकाळी दुकान उघडल्यावर एकदाच लॉगिन करतो आणि दिवसभर पट्ट्या करतो, प्रत्येक पट्टीच्या पहिल्या ओळीला "मुनीम लॉगिन करतो" असं आपण लिहिलं होतं का? नाही लिहिलं. मग इन्क्लूड कशाचं? लॉगिन झालेलं असणं ही पूर्वअट आहे, ती युज केसच्या लिखाणात वर "पूर्वअट: मुनीम लॉगिन झालेला आहे" अशी लिहायची. लॉगिनचा स्वतःचा गोल डायग्राममध्ये एकटा राहिला तरी काही बिघडत नाही.

दुसरी चूक म्हणजे फोडणी. "पट्टी करणे"मधून "रक्कम काढणे", "हमाली वजा करणे", "तोलाई वजा करणे", "पट्टी छापणे" असे चार गोल काढून चौघांना इन्क्लूड. ही नुसती त्याच प्रवाहातली ओळींची फोड झाली, डायग्राम मोठा दिसतो पण वाचणाऱ्याला नवीन काहीच कळत नाही. माझा साधा दंडक आहे की किमान दोन युज केस वापरत नसतील तर इन्क्लूड वेगळं काढायचं नाही, अपवाद फक्त तेव्हा जेव्हा तो भाग एवढा मोठा आहे की मुख्य प्रवाह वाचताना गुंता होतो.

इन्क्लूडचं वर्तुळपण होऊ देऊ नका. अ मध्ये ब, ब मध्ये क आणि क मध्ये परत अ, हे युएमएलला चालत नाही, थेट असो का फिरून.

पाचवी पायरी: एक्सटेंड

इथं सगळ्यात जास्त गोंधळ आहे म्हणून जरा निवांत बघू.

आपण "पट्टी करणे" लिहिलं तेव्हा उचलीचा विषयच काढला नव्हता. तरी पट्टी पूर्ण झाली, ७९,४०० रुपये निघाले, छापली. आता एखाद्या शेतकऱ्यानं जूनमध्ये बियाण्या-खतासाठी १५,००० उचल घेतलेली आहे. त्याची पट्टी करताना ती वजा झाली पाहिजे, म्हणजे हातात ६४,४०० येतील. पण हे सगळ्यांना लागू नाही, ज्याच्याकडं उचल बाकी आहे त्यालाच. आणि त्या वजावटीची स्वतःची एक गोष्ट आहे: बाकी किती ते बघायचं, शेतकऱ्याला विचारायचं की सगळी कापू का अर्धी, मान्य झालेली रक्कम वजा करायची, उचलीच्या खात्यात जमा दाखवायची. हा झाला "उचल वजा करणे", आणि तो "पट्टी करणे"ला एक्सटेंड करतो.

बाण कुणीकडं? परत तोच प्रश्न. "पट्टी करणे"च्या सात ओळींत उचलीचं नाव आहे का? नाही, एकदापण नाही. "उचल वजा करणे"च्या लिखाणात काय आहे? "पट्टी करताना, कपातीच्या जागी, शेतकऱ्याकडं उचल बाकी असेल तर..." म्हणजे उचलवाला पट्टीला ओळखतो, पट्टी उचलीला ओळखत नाही. म्हणून बाण "उचल वजा करणे"कडून "पट्टी करणे"कडं. तुटक रेघ, उघडा बाण, वर «एक्सटेंड». पोरं उलटा काढतात कारण त्यांच्या डोक्यात "पट्टीतून उचल निघते" असा कामाचा ओघ असतो, आणि बाण म्हणजे ओघ असं कुणीतरी फ्लोचार्ट शिकवताना डोक्यात बसवलेलं असतं. युज केस डायग्राममध्ये आधी काय आणि नंतर काय हे दाखवायची सोयच नाही.

आता बेसला काहीच माहीत नसेल तर ही वजावट नेमकी घुसणार कुठं? त्यासाठी बेस युज केस स्वतःमध्ये एक जागा नाव देऊन मोकळी ठेवतो, तिला एक्सटेन्शन पॉइंट म्हणतात. "पट्टी करणे"च्या गोलात नावाखाली आडवी रेघ मारायची, तिच्याखाली "एक्सटेन्शन पॉइंट" असं लिहून "कपाती" असं नाव द्यायचं, आणि लिखाणात सांगायचं की ही जागा पाचव्या ओळीनंतर आहे. बेस फक्त जागा देतो, तिथं येऊन कोण बसणार ते त्याला ठाऊक नसतं. उद्या मालकानं सांगितलं की बारदान्याचे पैसेपण कधी कधी कापायचे असतात, तर नवीन युज केस त्याच जागेला येऊन लागेल आणि "पट्टी करणे"च्या लिखाणाला हातही लावावा लागणार नाही. एक्सटेंडचा सगळा फायदा हाच आहे.

अट कुठं लिहायची? एक्सटेंडच्या बाणाला एक नोट जोडायची, कोपरा दुमडलेल्या कागदासारखा तो चौकोन असतो ना, त्यात महिरपी कंसात "उचल बाकी शून्यापेक्षा जास्त" आणि एक्सटेन्शन पॉइंट "कपाती". अट लिहिलीच नाही तर त्याचा अर्थ दरवेळी होतं असा निघतो, मग वाचणारा म्हणणार की इन्क्लूड का नाही केलं. नोट काढायचा आळस करू नका, व्हायव्हाला निम्मं उत्तर त्या नोटमध्येच असतं.

आणि प्रत्येक "जर-तर"ला एक्सटेंड करायचं नसतं, हेपण तेवढंच महत्त्वाचं. प्रिंटरमध्ये कागद संपला तर काय, मुनीमानं चुकीचा सौदा निवडला तर काय, हे पर्यायी प्रवाह आहेत, ते "पट्टी करणे"च्याच लिखाणात खाली "७अ. कागद संपला असेल तर..." असे लिहायचे. मग फरक कुठं करायचा? मी तीन गोष्टी बघतो. त्या भागाची स्वतःची चार-पाच ओळींची गोष्ट होते का, तो नंतर जोडता किंवा काढता येईल असा आहे का, आणि तो लिहायला बेसचं लिखाण बदलावं लागत नाही ना. तिन्हीला हो असेल तर एक्सटेंड, नाहीतर पर्यायी प्रवाहच बरा. शंका असेल तिथं पर्यायी प्रवाहच घ्या, कारण गरज नसलेलं एक्सटेंड काढून टाकायला पुढं कुणी धजत नाही.

तेच काम, वेगळी सिस्टम, वेगळं नातं

हे उदाहरण मला फार आवडतं म्हणून सांगतो. ओलावा तपासणे. आडत दुकानात दरवेळी मशीन लावत नाहीत, खरेदीदार हातानं, दातानं बघतो आणि शंका आली तरच मॉइश्चर मीटर निघतं. म्हणजे आपल्या सिस्टममध्ये "ओलावा तपासणे" हा "सौदा नोंदवणे"ला एक्सटेंड करतो, अट अशी की खरेदीदारानं मागणी केली.

आता हमीभाव खरेदी केंद्राचं सॉफ्टवेअर घ्या. तिथं सोयाबीनला १२ टक्के ओलाव्याची मर्यादा असते आणि त्याच्यावर माल गेला की परत, त्यामुळं तपासल्याशिवाय माल आत घेताच येत नाही. तिथं "माल स्वीकारणे" हा "ओलावा तपासणे"ला इन्क्लूड करतो. काम तेच, मशीन तेच, दाणे तेच, पण नातं बदललं, बाणाची दिशापण बदलली. २०२४ च्या खरिपात केंद्र सरकारनं ही मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली होती, तेव्हा आकडा बदलला पण तपासणी कंपल्सरीच राहिली, म्हणून डायग्रामला काही करायची गरज नव्हती, फक्त सेटिंगमधला आकडा बदलायचा. वसमत-हिंगोलीकडं हळदीचं सॉफ्टवेअर करणार असाल तर तिथली पद्धत तिथं जाऊन बघा, सोयाबीनचा डायग्राम तसाच उचलू नका. कामाच्या नावावरून नातं ठरत नाही, त्या त्या सिस्टमच्या लिखाणावरूनच ठरतं.

सहावी पायरी: जनरलायझेशन

"पैसे चुकते करणे" घ्या. कुणाला रोख पाहिजे, कुणाला बँकेत. दोन्हीत खातं शोधायचं, पट्टी निवडायची, रक्कम दाखवायची, शेवटी पावती द्यायची. फरक मधल्या ओळींत: रोखीत नोटा मोजून सही घ्यायची, बँकेत खाते नंबर आणि आयएफएससी तपासून व्यवहार क्रमांक नोंदवायचा. इथं "पैसे चुकते करणे" पालक, आणि "रोखीनं चुकते करणे", "बँकेतून चुकते करणे" ही दोन लेकरं. लेकरू पालकाचं सगळं घेतं, ॲक्टरच्या रेघापण आणि इन्क्लूडपण, आणि हव्या त्या ओळी बदलतं. म्हणून लेकरांपासून मुनीमाला परत वेगळ्या रेघा ओढायच्या नाहीत.

रेघ सलग, टोकाला पोकळ त्रिकोण, त्रिकोण पालकाकडं. नियम लावून बघा: "रोखीनं चुकते करणे"च्या लिखाणात "पैसे चुकते करणे"चं नाव येतं, उलटं येत नाही. पालक नुसता कधीच चालत नसेल, दरवेळी रोख नाहीतर बँक असंच असेल, तर पालक ॲबस्ट्रॅक्ट आणि त्याचं नाव तिरप्या अक्षरात.

युज केसमधलं जनरलायझेशन मी स्वतः फार कमी वापरतो. दोन प्रकारांत एक-दोन ओळींचाच फरक असेल तर पर्यायी प्रवाहात भागतं. ॲक्टरमधलं जनरलायझेशन मात्र जवळपास प्रत्येक प्रोजेक्टला लागतं आणि तिथं दिशा हमखास चुकते.

आडत दुकानात मुनीम जे जे करतो ते सगळं मालकपण करू शकतो, आणि वरून "भाव दुरुस्त करणे", "दिवसाचा हिशेब बघणे" हे फक्त मालकालाच. म्हणजे मालक हा इथं एक विशेष प्रकारचा मुनीम झाला, आणि त्रिकोण मालकाकडून मुनीमाकडं. हे ऐकायला खटकतं, मालकापेक्षा मुनीम वर कसा? पण हे मानापमानाचं नाही, गादीवर कोण बसतं त्याचं नाही. कोण कोणाच्या रेघा वारशानं घेतं एवढंच बघायचं. मालक मुनीमाच्या सगळ्या रेघा घेतो म्हणून मालक लेकरू. उलटा काढला तर भाव दुरुस्त करायची परवानगी मुनीमाला मिळते, आणि डायग्रामवरून कुणी रोल-परमिशनचं टेबल बनवलं तर ती चूक सरळ डेटाबेसमध्ये जाते.

काढायची नसलेली नाती

दोन युज केसमध्ये साधी सलग रेघ नाही. एकाच सिस्टमच्या दोन युज केसमध्ये असोसिएशन युएमएल मान्यच करत नाही. "आवक नोंदवणे"नंतर "सौदा", मग "वजन", मग "पट्टी" अशी बाणांची साखळीपण नाही. आवक झाल्याशिवाय सौदा होत नाही हे खरंय, पण ती "सौदा नोंदवणे"ची पूर्वअट आहे. क्रम चित्रातच दाखवायचा असेल तर वेगळा ॲक्टिव्हिटी डायग्राम काढा, तो त्याचसाठी आहे.

इन्क्लूड झालेल्या युज केसला ॲक्टरची रेघ लागते का, हेही विचारतात. मुनीम पट्टी-बिट्टी काही न करता नुसतं खातं बघायला "शेतकरी खातं शोधणे" उघडत असेल तर रेघ काढा. फक्त दुसऱ्यांच्या पोटातच चालत असेल तर काढू नका.

जुन्या नोट्स वाचताना

सीनियरच्या झेरॉक्समध्ये «युजेस» आणि «एक्सटेंड्स» दिसेल, तेही पोकळ त्रिकोणाच्या सलग रेघेवर. ते चुकीचं छापलेलं नाही, जुनं आहे. युज केसची कल्पना एरिक्सनमध्ये काम केलेल्या इव्हार जेकबसन यांची, १९९२ साली त्यांचं पुस्तक आलं, १९९७ मध्ये ओएमजी या स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्थेनं युएमएल स्टँडर्ड म्हणून स्वीकारलं, आणि तेव्हा ही दोन्ही नाती जनरलायझेशनचेच प्रकार म्हणून काढायचे. १९९९ च्या १.३ आवृत्तीत ते बदललं, «युजेस» जाऊन «इन्क्लूड» आलं, «एक्सटेंड्स»चं «एक्सटेंड» झालं आणि दोन्ही तुटक रेघेवर गेले. सध्या चालू आवृत्ती २.५.१ आहे, २०१७ ची. रिपोर्टमध्ये जुनं आणि नवं मिसळू नका, एक्स्टर्नलला लगेच कळतं की दोन फाईलींतून उचललंय.

टूलचं म्हणाल तर ड्रॉ डॉट आयओमध्ये बाण आपणच ओढायचा असतो, उलटा ओढला तरी ते काही बोलत नाही. प्लँटयुएमएलमध्ये ओळीनं लिहायचं असतं, आधी ओळखणारा, मधे दोन टिंबांचा बाण, मग ज्याला ओळखायचं तो, त्यामुळं लिहितानाच दिशेचा विचार करावा लागतो. नवशिक्याला मी तेच सुचवतो.

सातवी पायरी: नात्यांवरून टेस्ट केस

डायग्राम झाला की फाईल बंद करू नका, त्याच्यावरून टेस्ट केस लिहा, नातं चुकलं असेल तर इथं उघडं पडतं.

इन्क्लूड केलेला युज केस एकदा स्वतंत्र तपासा आणि मग त्याला वापरणाऱ्या प्रत्येकातून किमान एकदा. एकाच नावाचे तीन शेतकरी हा डेटा आधीच भरून ठेवा. जनरलायझेशनला प्रत्येक लेकराची वेगळी टेस्ट, आणि पालकाकडून आलेल्या ओळी, म्हणजे पावती निघते का, ते दोन्हीकडं बघायचं. मालक-मुनीमाच्या बाबतीत मुनीमाच्या लॉगिननं भाव दुरुस्त करायचा प्रयत्न करून बघा, नाही झाला पाहिजे.

एक्सटेंडला सगळ्यात जास्त टेस्ट लागतात. अट खोटी असताना बेस एकटा नीट चालतो का: उचल नसलेल्या शेतकऱ्याची पट्टी ७९,४०० च निघाली पाहिजे, आणि पट्टीवर "उचल ०" अशी रिकामी ओळपण नको. "उचल वजा करणे"चं मॉड्यूल पूर्ण बंद करून ठेवलं तरी पट्टी निघाली पाहिजे, नाही निघाली तर बेसला उचल माहीत आहे आणि तुमचं ते एक्सटेंड खरं नाही. मग अट खरी असताना: १५,००० वजा होऊन ६४,४००, आणि उचलीच्या खात्यावर बाकी शून्य. मग अर्धी कापली तेव्हाची. आणि एक जी कुणीच लिहीत नाही ती, उचल पट्टीपेक्षा जास्त. दुष्काळी वर्ष, माल निघाला सहा क्विंटल, पट्टी झाली पंचवीस हजाराची आणि उचल चाळीसची. सिस्टम उणे रक्कम छापणार का, सगळी पट्टी उचलीत जमा करणार, का शेतकऱ्याच्या हातात काही ठेवून बाकी पुढं ओढणार? हे कोडरनं मनानं ठरवायचं नसतं, त्या दुकानाच्या मुनीमाला आणि मालकाला विचारायचं आणि जे सांगतील ते "उचल वजा करणे"च्या लिखाणात पर्यायी प्रवाह म्हणून घालायचं, "पट्टी करणे"त नाही.